१०० जॅव्हलिन मिसाईल्स भारताला: ‘फायर अँड फरगेट’मध्ये नेमकं काय विकत मिळतं?

१९ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेने भारताला जॅव्हलिन ही रणगाडाविरोधी मिसाईल्स विकायला मंजुरी दिली. लगेच आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना व्हिडिओ फिरायला लागला. सैनिक खांद्यावरून मिसाईल सोडतो, ते आधी वर चढतं, मग सूर मारून रणगाड्याच्या डोक्यावर आदळतं. बारावीतल्या चुलत भावाने विचारलं, "दादा, हे गेममधल्यासारखंच आहे ना? लॉक झालं की विषय संपला. यात एआय असतं का?"

मी ‘नाही’ असं टाईप केलं आणि थांबलो. कारण ते उत्तर बरोबर असलं तरी अर्धवट होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, लष्करातला नाही. पण या मिसाईलच्या पोटात जो प्रॉब्लेम सोडवलेला आहे, त्याच प्रॉब्लेमने मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी रडवलं होतं. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी बातमी नीट वाचूया

मंजुरी आहे १०० जॅव्हलिन मिसाईल्स, आणखी एक चाचणीचं मिसाईल आणि २५ लाँच युनिट्सची. अंदाजे किंमत ४.५७ कोटी डॉलर्स, म्हणजे साधारण ४०० कोटी रुपये. आणि मंजुरी म्हणजे करार नव्हे. अमेरिकी सरकारची डिफेन्स सिक्युरिटी कोऑपरेशन एजन्सी आपल्या संसदेला अशी सूचना देते, त्यात कमाल आकडे असतात. खरेदीचा करार त्यानंतरची गोष्ट.

बातमी आल्यावर अनेकांनी ४०० कोटी भागिले १०० केलं आणि ‘एक मिसाईल चार कोटींचं!’ असे थंबनेल बनवले. हा हिशोब चुकीचा आहे. त्या रकमेत लाँच युनिट्स, प्रशिक्षण, सिम्युलेटर, सुटे भाग, देखभाल असं सगळं धरलेलं आहे. अमेरिकेच्या स्वतःच्या २०२१ च्या बजेटमध्ये एका मिसाईलची किंमत सुमारे पावणेदोन लाख डॉलर्स होती, म्हणजे आजच्या दराने दीड कोटी रुपयांच्या आसपास.

मिसाईल्स १०० आणि लाँच युनिट्स २५ च का? कारण जॅव्हलिनचे दोन भाग आहेत. एक नळी, ज्यात मिसाईल सीलबंद असतं. ती एकदाच वापरायची. दुसरं लाँच युनिट, म्हणजे दुर्बीण, थर्मल कॅमेरा आणि ट्रिगर असलेला डबा. तो काढून पुढच्या नळीला लावायचा. आणि ते एक जादा मिसाईल कशाला? तर लॉटमधलं एक उडवून बघायचं, नीट चाललं तर बाकीचे घ्यायचे. शितावरून भाताची परीक्षा.

खरा माल: ट्रिगर दाबल्यानंतरचे बारा सेकंद

रणगाडा उडवू शकणारी शस्त्रं जगात भरपूर आहेत. अवघड भाग वेगळा आहे: रणगाड्यावर काहीतरी डागलं की तुम्ही कुठे आहात हे सगळ्यांना कळतं. धूर, धूळ, आवाज. त्यानंतर तुमच्यावर गोळीबार सुरू होतो.

१९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस गनने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले. त्या गनमधून प्रत्येक फायरनंतर मागे मोठा झोत निघतो आणि धुळीचा लोट उठतो. त्याच लढाईत ते शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

गाईडेड मिसाईल आल्यावर नेम सुधारला, पण माणूस आणखी अडकला. पहिल्या पिढीचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सोव्हिएत ‘सॅगर’. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात इजिप्तच्या सैनिकांनी ते मोठ्या प्रमाणात वापरलं. जॉयस्टिकने मिसाईल उडवत न्यायचं, एका नजरेत मिसाईल आणि रणगाडा दोन्ही ठेवायचे. इस्रायली तुकड्यांनी त्यावर सोपा उपाय शोधला: मिसाईल येताना दिसलं की ते जिथून सुटलं त्या दिशेने गोळ्यांचा वर्षाव करायचा. मिसाईल थांबवायची गरजच नाही. जॉयस्टिक धरलेला माणूस दचकला, खाली वाकला, तरी काम झालं.

दुसऱ्या पिढीत जॉयस्टिक गेली. आपल्या सैन्याकडची मिलान आणि कोंकुर्स ही याच पिढीची, दोन्ही हैदराबादच्या भारत डायनॅमिक्समध्ये बनतात. इथे सैनिकाने दुर्बिणीतली फुली रणगाड्यावर धरून ठेवायची. मिसाईल फुलीपासून किती सरकलंय हे लाँचर बघतो आणि मिसाईलच्या मागे उलगडत जाणाऱ्या तारेतून दुरुस्ती पाठवतो. काम सोपं झालं, पण फुली शेवटपर्यंत हलू द्यायची नाही. मिलानला दोन किलोमीटर जायला साधारण साडेबारा सेकंद लागतात.

आमच्या गावाकडे एक निवृत्त सुभेदार काका आहेत, मिलानवर प्रशिक्षण घेतलेले. मागे सुट्टीत गेलो तेव्हा विचारलं, "काका, बारा सेकंद म्हणजे फार नाहीत ना?" ते म्हणाले, "अरे, बस तिथे आणि मोज." मी मनात मोजले. ते समोर गप्प बसून माझ्याकडे बघत होते. दुर्बिणीला डोळा लावून, समोरून गोळ्या येत असताना, न हलता बारापर्यंत मोजायचं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. तुम्हीही एकदा मोजून बघा.

जॅव्हलिनलाही तेवढ्या अंतराला दहा-पंधरा सेकंद लागतात. फरक इतकाच, की तोपर्यंत ते सोडणारा माणूस तिथे नसतो. मिसाईल नळीतून सुटलं की तो उठून पळू शकतो, आडोशाला जाऊ शकतो, नवी नळी लावू शकतो. ‘फायर अँड फरगेट’चा अर्थ एवढाच. दीड कोटीतला मोठा हिस्सा स्फोटकांचा नाही, तो या बारा सेकंदांचा आहे.

४,०९६ पिक्सेलचा कॅमेरा

आता भावाच्या प्रश्नाकडे. माणूस निघून गेला, मग मिसाईलला रस्ता कोण दाखवतं?

मिसाईलच्या नाकात एक इन्फ्रारेड कॅमेरा आहे. त्याला सीकर म्हणतात. तो उजेड नाही, उष्णता बघतो. गरम इंजिन, गरम एक्झॉस्ट, उन्हात तापलेलं पोलाद. रात्र असो की धूर, त्याला फारसा फरक पडत नाही. मूळ डिझाईनमध्ये या सीकरचं रिझोल्यूशन आहे ६४ गुणिले ६४. म्हणजे एकूण ४,०९६ पिक्सेल. तुमच्या खिशातल्या ५० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये याच्या बारा हजार पट पिक्सेल आहेत.

मग इतका जुनाट कॅमेरा इतका महाग का? कारण उष्णतेतले बारीक फरक टिपायचे तर सेन्सर स्वतः अतिशय थंड हवा, नाहीतर तो स्वतःच्याच उष्णतेने आंधळा होतो. त्यासाठी नळीला बॅटरी आणि दाबाखालच्या गॅसचं एक छोटं युनिट जोडलेलं असतं. डिओचा स्प्रे जवळून मारला की त्वचेला गार लागतं ना, साधारण तीच कल्पना: दाबलेला गॅस पसरला की थंड होतो. सुमारे दहा सेकंदांत सीकर तयार होतो. पण हे युनिट एकदा चालू केलं की साधारण चार मिनिटंच टिकतं. तेवढ्यात मिसाईल सोडलं नाही तर युनिट वाया, नवीन लावा. त्यामुळे ‘बघू, कदाचित येईल रणगाडा’ म्हणून ते चालू करून बसता येत नाही.

सीकर तयार झाला की सैनिकाला स्क्रीनवर लक्ष्याभोवती चौकट दिसते. ती लहान-मोठी करून रणगाड्यावर बरोबर बसवायची आणि लॉक करायचं. त्या क्षणी मिसाईल चौकटीतलं चित्र लक्षात ठेवतं. उड्डाणात प्रत्येक नव्या फ्रेममध्ये ‘हा तुकडा आता कुठे सरकला?’ हे ते शोधत राहतं आणि त्याप्रमाणे आपले पंख वळवतं.

माझ्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये मी वेबकॅमसमोर टेनिसचा चेंडू ट्रॅक करायचा प्रयत्न करत होतो. चेंडू दूर असेपर्यंत झकास चालायचं. तो कॅमेऱ्याकडे यायला लागला की मोठा दिसायचा, जुनं चित्र जुळायचं नाही. मग मी कोड बदलून चित्र दर फ्रेमला अपडेट करायला लागलो. तर हळूहळू चेंडूच्या कडेची भिंत चित्रात घुसायची आणि दहा सेकंदांनी माझा प्रोग्रॅम आत्मविश्वासाने भिंत ट्रॅक करत असायचा. मिसाईलचा प्रॉब्लेम अगदी हाच आहे. जवळ जाताना रणगाडा फुगत जातो, कोन बदलतो, तो स्वतः चालत असतो. हे गणित १९९० च्या दशकातल्या प्रोसेसरवर, चालू उड्डाणात सोडवलं गेलं. जॅव्हलिन १९९६ मध्ये अमेरिकी लष्करात दाखल झालं. सुरुवातीचं डिझाईन करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एक होती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, तीच ती कॅल्क्युलेटरवाली. तिचा संरक्षण विभाग पुढे रेथिऑनकडे गेला. आज रेथिऑन आणि लॉकहीड मार्टिन मिळून हे मिसाईल बनवतात.

म्हणून भावाला दिलेलं उत्तर: तू म्हणतोस तसं एआय यात नाही. रणगाडा म्हणजे काय हे मिसाईलला माहीतच नाही. चौकटीत काय होतं तेवढंच त्याला माहीत. चौकटीत ट्रॅक्टर होता की रणगाडा, आपला रणगाडा होता की शत्रूचा, हे सगळं ट्रिगरच्या आधी माणसाने ठरवायचं. आणि एकदा सुटलेलं जॅव्हलिन परत बोलावता येत नाही. इस्रायलच्या स्पाईक मिसाईलच्या लांब पल्ल्याच्या प्रकारात मागे ऑप्टिकल फायबर असते. मिसाईलला काय दिसतंय ते सैनिकाला दिसत राहतं, मधेच लक्ष्य बदलता येतं किंवा रद्द करता येतं. जॅव्हलिनमध्ये ती सोय नाही. विसरण्याची मुभा हवी तर आठवण करून देण्याची तार तोडावी लागते.

डोक्यावरच वार का?

अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलं असेल तर रणगाड्याचं अंग किती जाड असतं हे तुम्हाला माहीत असेल. पण सगळीकडे सारखं जाड केलं तर तो हलणारच नाही. म्हणून सर्वात जाड चिलखत समोर, आणि छत त्या मानाने पातळ. जॅव्हलिन ‘टॉप अटॅक’ मोडमध्ये साधारण १५० मीटर उंच चढतं आणि वरून छतावर येतं. पुलाखाली किंवा इमारतीत लपलेल्या लक्ष्यासाठी सरळ जायचा दुसरा मोडही आहे.

स्फोटकं एकामागे एक अशी दोन असतात. आधुनिक रणगाड्यांवर स्फोटक विटांसारखं कवच असतं, जे मार बसला की स्वतः फुटून वार बोथट करतं. पहिलं छोटं स्फोटक ती वीट उडवतं, दुसरं मोठं पोलाद भेदतं. शिवाय मिसाईल नळीतून आधी हलक्या धक्क्याने बाहेर पडतं आणि मुख्य इंजिन काही मीटर पुढे गेल्यावर पेटतं. त्यामुळे ते खोलीतूनही सोडता येतं आणि मागचा झोत कमी असतो. या सगळ्याचं एकूण वजन २२ किलोच्या आसपास. ऑफिसमधला २० लिटरचा पाण्याचा जार खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा, अशी कल्पना करा.

कोण वापरतं आणि काय अनुभव आला?

पहिली मोठी परीक्षा २००३ मध्ये इराकमध्ये झाली. ६ एप्रिलला उत्तरेकडच्या देबेका खिंडीजवळ अमेरिकेचे मूठभर विशेष सैनिक आणि कुर्दी पेशमर्गा यांच्यासमोर इराकी रणगाडे आणि चिलखती गाड्या आल्या. स्वतःकडे एकही रणगाडा नसताना त्यांनी जॅव्हलिनच्या जोरावर तो हल्ला रोखला. आज ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, पोलंड, लिथुआनिया, एस्टोनिया, जॉर्डन, तैवान अशा वीसहून जास्त देशांकडे हे मिसाईल आहे.

सर्वात मोठा वापर अर्थातच युक्रेनमध्ये. २०१८ मध्ये अमेरिकेने पहिल्यांदा २१० मिसाईल्सना मंजुरी दिली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने पूर्ण हल्ला केल्यानंतर दिलेल्या मिसाईल्सचा आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. तेव्हा कारखान्याचा वेग वर्षाला सुमारे २,१०० होता. म्हणजे जवळपास पाच वर्षांचं उत्पादन. मे २०२२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन अलाबामातल्या ट्रॉय इथल्या कारखान्यात गेले आणि म्हणाले की एका जॅव्हलिनमध्ये दोनशेहून जास्त सेमीकंडक्टर लागतात. त्या वर्षी चिपच्या तुटवड्याने गाड्यांची डिलिव्हरी लांबत होती, तोच तुटवडा इथेही. उत्पादन वर्षाला ३,९६० पर्यंत न्यायचं ठरलं, पण ते लक्ष्यही २०२६ अखेरचं.

आणखी एक किस्सा लक्षात ठेवण्यासारखा. जून २०१९ मध्ये लिबियातल्या घरयान शहरात, जनरल हफ्तार यांच्या सैन्याने सोडलेल्या तळावर चार जॅव्हलिन सापडली. लिबियावर तर शस्त्रबंदी होती! पुढच्या महिन्यात फ्रान्सने मान्य केलं की ती त्यांनी अमेरिकेकडून घेतलेली होती. ती खराब झालेली होती आणि कुणाला दिलेली नव्हती, असा त्यांचा खुलासा. याच भीतीमुळे अमेरिका जॅव्हलिन विकताना सीरियल नंबरनिशी मोजणीची अट घालते. डागणाऱ्याने विसरायचं, बाकी कुणीही विसरायचं नाही.

पण आता तर ड्रोनचा जमाना आहे ना?

हा प्रश्न रास्त आहे. युक्रेनमध्ये आज रणगाड्यांवर सर्वात जास्त धाक आहे तो काहीशे डॉलर्सच्या एफपीव्ही ड्रोन्सचा. दीड कोटीच्या मिसाईलची गरज काय?

नीट बघा, ड्रोन उडवणारा पायलट पुन्हा १९७३ च्या जॉयस्टिकवर आलाय. त्याला शेवटच्या क्षणापर्यंत गॉगलमधून बघत ड्रोन न्यावा लागतो. तो वाचतो तो विसरल्यामुळे नाही, तर काही किलोमीटर लांब तळघरात बसल्यामुळे. रेडिओ सिग्नल जॅम झाला की ड्रोन पडतो, म्हणून आता ड्रोनच्या मागेही फायबरची रिळं आली आहेत. जॅव्हलिन सुटल्यावर कुणाशीच बोलत नाही, त्यामुळे तोडायला सिग्नलच नसतो. समोर दोन किलोमीटरवर रणगाडा उभा आहे आणि हातात एक मिनिट आहे, अशा वेळी दोन्हींचं काम वेगळं. पण संख्येचा हिशोब ड्रोनने कायमचा बदललाय, हेही खरं.

आपला हिशोब

मार्च २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत डायनॅमिक्सला ४,९६० मिलान-२टी मिसाईल्सची ऑर्डर दिली, १,१८८ कोटींना. भागाकार करा: एक मिसाईल साधारण २४ लाखांचं. म्हणजे एका जॅव्हलिनच्या किमतीत सहा मिलान. कागदावर मिलान जिंकतं. पण त्या सहाही वेळा कुणीतरी बारापर्यंत मोजत बसलेलं असतं, हे एक्सेल शीटमध्ये दिसत नाही.

आपण ही गोष्ट ओळखली नव्हती असं नाही. ‘नाग’ हे आपलं फायर अँड फरगेट मिसाईल १९८३ साली सुरू झालेल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमातलं. त्याची अंतिम वापर-चाचणी झाली ऑक्टोबर २०२० मध्ये, पोखरणला. मधल्या काळात सर्वात जास्त त्रास दिला तो सीकरने. राजस्थानच्या उन्हाळ्यात वाळूच रणगाड्याइतकी तापते, मग उष्णतेच्या चित्रात दोन्ही एकच दिसतात. चेंडू आणि भिंत, तोच प्रॉब्लेम, ५० अंशांत. शिवाय नाग जड आहे, ते वाहनावरून डागतात. पायदळासाठी २०१४ मध्ये जॅव्हलिनऐवजी स्पाईक निवडलं गेलं, तो मोठा सौदा पुढे रद्द झाला आणि २०१९ मध्ये तातडीची छोटी खरेदी झाली.

आता डीआरडीओचं खांद्यावरून वाहून नेण्याजोगं मिसाईल, एमपीएटीजीएम, तयार होतंय. जानेवारी २०२६ मध्ये अहिल्यानगरच्या केके रेंजवर त्याची चाचणी झाली, हलत्या लक्ष्यावर, टॉप अटॅक मोडमध्ये. लक्ष्य म्हणून खरा रणगाडा नव्हता. जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने बनवलेलं, रणगाड्यासारखी उष्णता दाखवणारं यंत्र होतं.

या पार्श्वभूमीवर १०० जॅव्हलिन म्हणजे काय? युक्रेनचा अनुभव बघता मोठ्या युद्धात हा साठा फार दिवस पुरणार नाही. माझ्या मते हे मिसाईल्सपेक्षा नमुना विकत घेणं आहे. फेब्रुवारी २०२५ च्या मोदी-ट्रम्प संयुक्त निवेदनात जॅव्हलिन भारतात मिळून बनवण्याचा उल्लेख होता. त्यात काय मिळणार हा खरा प्रश्न. नळी, डबा, जोडणी इथे झाली आणि थंड सीकर, त्याचा सेन्सर, ट्रॅकिंगचा कोड बाहेरूनच आला, तर आपण बॉक्स पॅक करायला शिकू. ते बारा सेकंद मात्र दर वेळी बाहेरूनच विकत घ्यावे लागतील, आणि युद्धाच्या वेळी रांगेत उभं राहून.

म्हणून यापुढे ‘इतकी मिसाईल्स आली’ अशी हेडलाईन दिसली की दोन गोष्टी शोधा: सीकर कुठे बनतो आणि वर्षाला किती बनतात.

भावाला हे सगळं पाठवलं. त्याचा रिप्लाय आला, "म्हणजे लॉक झालं की विषय संपत नाही." नाही रे. मिसाईलच्या दृष्टीने लॉक झाल्यावर विषय सुरू होतो. माणसाच्या दृष्टीने तो त्याच्या थोडा आधीच सुरू झालेला असतो, चौकटीत काय आहे ते ओळखताना. काकांना मी विचारलं होतं की जॅव्हलिनसारखं काही हातात असतं तर? ते हसले. म्हणाले, "पळायला मिळालं असतं. पण बघायला आधी नीटच लागलं असतं."